देवमन भाऊजींची सूट

देवमन भाऊजींवर लिहायला बसलो की दोन ओळींतच मी स्वतः मध्ये येतो. ते टळलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. पण त्यांची गोष्ट सांगायची आणि माझा भाग गाळायचा, म्हणजे पुन्हा एकदा खोटं लिहायचं. तेवढी हौस आता फिटली आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रत्नमालाताईचे नवरे. वीज कंपनीत लाइनमन, राहतात अनसिंगला. अंगानं सडपातळ, बोलायला त्याहून कमी. एकतीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली, त्यामुळे जमिनीवर चालताना जरा अवघडल्यासारखे चालतात. आमच्या भागात तारेवर आकडा टाकून फुकट वीज घेण्याला चोरी म्हणायची पद्धत नाही. 'जरासा आकडा टाकला' म्हणतात, जेवताना जरासं मीठ घेतलं तसं. भाऊजींना मात्र आकडा दिसला की राहवत नाही. पुढारी असो, पाटील असो, नाहीतर स्वतःचा चुलतभाऊ.

लग्नानंतर पहिल्यांदा ते आमच्या घरी, किन्हीराजाला, मुक्कामाला आले तेव्हाची गोष्ट. सकाळी वडिलांबरोबर वावरात गेले. विहिरीवरच्या मोटरीला आमचा आकडा होता, सगळ्यांचा असतो तसा. भाऊजींनी एक कोरडा बांबू शोधून आणला, आकडा उतरवला, वायरीची नीट गुंडाळी केली आणि घरी येऊन ती सासऱ्याच्या खाटेखाली ठेवली. वडील दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "पोरीनं जवाई नाई आनला, इन्स्पेक्टर आनला." आणि त्याच दिवशी मीटरसाठी अर्ज करायला तालुक्याला, मालेगावला गेले.

भाऊजींना एकच मुलगी, धम्मदीपा. जन्मतःच तिच्या पायांत बळ नाही, हात थरथरतात, शब्द सावकाश येतात. डोकं मात्र माझ्या वर्गातल्या साठ पोरांना पुरून उरेल असं. एकवीस वर्षांची आहे, घरी बसून बी.ए. करते, आणि बापाचे सगळे कागद तिच्याच मोबाइलमध्ये असतात. तिचं दिव्यांग कार्ड काढायला वाशीमच्या चकरा मीच मारल्या. अशा लेकराचा सांभाळ करणाऱ्या आईबापाला आयकरात सूट मिळते, हेही मीच भाऊजींना सांगितलं. त्यांनी मला तीनदा विचारलं, "हे घेनं बराबर राह्यते का, मास्तर? कोनाचं कमी होऊन आपल्याले तं नाई भेटत?" मी म्हटलं, कायद्यानं तुमचा हक्क आहे. तेव्हा कुठं घेतली. माझ्या माहितीत भाऊजींनी आयुष्यात कोणाकडून घेतलेली ही एवढीच सूट.

आता मी. सतीश. वाशीमच्या एका हायस्कुलात बावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवतो. नागरिकांची कर्तव्ये हा धडा मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. बोलणं हा माझा धंदा आणि माझं व्यसन. समोर चार माणसं बसली की मला विषय लागतो, विषय मिळाला की बाजू लागते, आणि बाजू जितकी उलटी तितका मला जोर चढतो.

गेल्याच्या गेल्या वर्षी संविधान दिनाला अनसिंगच्या विहारात कार्यक्रम होता. उद्देशिकेचं वाचन दरवर्षी माझ्याकडे असतं. आवाज चांगला आहे माझा. वाचन झालं, चहा आला, आणि ओट्यावर गप्पा सुरू झाल्या. पाहुणे म्हणून मारोतराव आले होते, अनसिंगचे साठ एकरवाले शेतकरी, माझे जुने दोस्त. कोणीतरी पगारातून कापल्या जाणाऱ्या कराचा विषय काढला. मला तेवढंच पाहिजे होतं.

"मुळात प्रश्न असा हाये," मी उभाच राहिलो, "का आयकर भरनं कायद्यानं बंधनकारक हाये का? या मारोतरावाईचे साठ एकर. सोयाबीन, हळद, हरभरा. त्याईच्या उत्पन्नाले आयकर नाई. अन् मी फळ्यावर खडू झिजवतो, तं माह्या हातात पगार पडाच्या अगोदर कात्री. हा कोनता कायदा?"

"माह्यावर कायले घसरता, मास्तर?" मारोतराव हसले. "मले माफी हाये, थे कायद्यानंच हाये. मी मांगाले गेलो नव्हतो."

पण मी थांबणारा नव्हतो. मोबाइलवर महिनाभर कोणाकोणाचे व्हिडिओ पाहिले होते, ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी म्हणालो, पगार म्हणजे उत्पन्नच नव्हे. मी माझं अंग झिजवतो, त्याचा मोबदला घेतो. जेवढं दिलं तेवढं घेतलं, यात नफा कुठं आला? नफा नाही तर उत्पन्न नाही, उत्पन्न नाही तर कर कशाचा? संविधानातच म्हटलं आहे की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येणार नाही. मग माझ्या घामावर कर लावायचा अधिकार कोणी, कधी, कुठं दिला, दाखवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विहाराच्या ओट्यावर, संविधान दिनाला, संविधानाचं नाव घेऊन मी कर न भरण्याची वकिली केली आणि टाळ्या घेतल्या.

धम्मदीपा खुर्चीत बसली होती. तिनं मोबाइल वर केला. "मामा, कायद्यात... उत्पन्नाचे पाच प्रकार हायेत. पयला प्रकार... पगारच हाये."

लोक हसले. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "लिहनाऱ्यानं लिहलं म्हनून खरं होते का, बाई?"

भाऊजी कप धूत होते. कार्यक्रम कोणाचाही असो, कप भाऊजी धुतात. तिथूनच म्हणाले, "आकडा टाकनाराही हेच म्हनते. तार माह्या वावरावरून गेली, खांब माह्या धुऱ्यावर हाये, मंग बिल कायचं? आता हरभऱ्याच्या पान्यावर या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर वीस मोटरी हायेत अन् तीस आकडे. लोड वाढून डीपी जयते तवा आकडेवाल्याची मोटर नाई जयत, मास्तर. तो आकडा काढून घरी जाते. जयते थे बिल भरनाऱ्याची."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना मला वाटत होतं की वाद मीच जिंकला.

वादाचं एक वाईट असतं. दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेला युक्तिवाद हळूहळू आपल्यालाच पटायला लागतो. पुढच्या जुलैत आमच्या स्टाफरूममध्ये पवनचं नाव फिरू लागलं. हा पवन विवरणपत्रं भरून द्यायचा, आणि पगारातून कापलेला कर परत आणून द्यायचा. कोणाला नसलेलं घरभाडं दाखवायचा, कोणाला न दिलेली देणगी. गुरुजी लोक त्याच्या दुकानापुढं रांग लावून उभे. मीही गेलो. पवननं माझे कागद चाळले आणि सहज विचारलं, "सर, घरात कोनी अपंग हाये का? मोठी सूट बसते. पन यावर्षीपासून कार्डाचा नंबर लागते, नुसतं लिहून नाई चालत."

मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो. मग खिशातला मोबाइल काढला. धम्मदीपाच्या कार्डाचा आणि आधारचा फोटो माझ्याकडे होता; तिच्या एका फॉर्मसाठी तिनंच मला पाठवला होता. पवननं नंबर उतरवून घेतला आणि विचारलं, "नातं काय टाकू?" भाचीला ही सूट बसत नाही, हे मला ठाऊक होतं. भाऊजींना नियम समजावून देणारा मीच होतो ना.

"मुलगी," मी म्हणालो.

बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायलो. आठवतं, कारण त्या वेळी मला जराही वाईट वाटलं नव्हतं. आपल्याच घामाचे पैसे आपण परत घेतोय, आणि धम्मदीपाचं काही कमी होत नाहीये, असं मी स्वतःला सांगितलं. रस गोड लागला.

सात-आठ महिने काही झालं नाही. मग एका रविवारी भाऊजी माझ्या दारात. हातात इंग्रजी कागद, धम्मदीपानं छापून दिलेला. "मास्तर, हे आयकरवाल्याईचं आलं. पोरगी म्हनते का आपल्या सुटीवर काई आक्षेप हाये. तुमी वाचून सांगा. मनाले चैन नाई."

मी वाचलं. एकाच दिव्यांग व्यक्तीच्या नावावर दोन वेगवेगळ्या करदात्यांनी सूट मागितली आहे, तुमचा दावा खरा असल्याचा खुलासा करा, असं त्यात होतं. दुसरा करदाता कोण, ते मला शोधावं लागलं नाही. समोर भाऊजी पाण्याचा पेला हातात धरून बसले होते, वर्गात उत्तराची वाट पाहणारं पोर बसतं तसे. त्याच घटकेला सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "काई नाई, कॉम्प्युटरची चूक हाये. असं होत राह्यते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली आणि म्हणाले, "बरं." एवढंच. ताईसाठी आणलेली कोथिंबिरीची जुडी चुकून माझ्याच घरी विसरून गेले.

पण धम्मदीपा ऐकणारी नव्हती. तिनं वाशीमच्या राखी मॅडम म्हणून एक कर सल्लागार आहेत, त्यांची वेळ घेतली. तारीख ठरली तसा ताईचा मला फोन आला. "सतीश, तू ये बरं संगं. तुया भाऊजीले त्या मॅडमपुढं बोलता नाई येनार. तुले कायद्याचं समजते."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. मी गेलो. मॅडमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. धम्मदीपाला मी एका बाजूनं धरलं, भाऊजींनी दुसऱ्या बाजूनं, आणि एकेक पायरी करत तिला वर नेलं; मागून कागदांची पिशवी घेऊन ताई. वर पोचेपर्यंत तिला घाम फुटला होता, मलाही.

राखी मॅडमनी कागद वाचला, भाऊजींचं विवरणपत्र पाहिलं, कार्ड पाहिलं. सरळ बाई. म्हणाल्या, "तुमचं सगळं बरोबर आहे, काका. पण या मुलीच्या नावावर आणखी एकानं सूट घेतली आहे, आणि त्यानंही नातं मुलगी असंच दाखवलंय. म्हणजे कागदोपत्री हिला दोन वडील झालेत."

ऑफिसात आणखी तीन-चार माणसं खुर्च्यांवर थांबली होती. त्यातल्या एकानं मान वर करून ताईकडे पाहिलं. मग दुसऱ्यानं. मला खरं सांगायचं तर तोवर हे सुचलंच नव्हतं. मी कराचा विचार केला होता, दंडाचा केला होता, नोकरीचा केला होता. पण पोरीला दोन बाप लागले की बोट आईकडे जातं, हे माझ्या, बहिणीच्या सख्ख्या भावाच्या, डोक्यात आलं नव्हतं.

ताईचा चेहरा उतरला. पदर दोन्ही हातांनी ओढून घेतला. "माह्या पोरीले एकच बाप हाये," ती म्हणाली, आणि ते वाक्य त्या खोलीत तिला मोठ्यानं म्हणावं लागलं.

"तसं नाही हो, मावशी," राखी मॅडम गडबडल्या. "कोणीतरी कार्ड वापरलंय एवढंच. त्याचं नाव आपल्याला दिसत नाही. आता दोन मार्ग आहेत. काकांनी सूट सोडून द्यायची, कर भरायचा, विषय संपला. नाहीतर ही माझीच मुलगी आहे, दुसऱ्याचा दावा खोटा आहे, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मग ते दुसऱ्याच्या मागे लागतील. त्याला दंड होईल. नोकरदार असेल तर पुढचं त्याचं तो जाणे."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरचा पेन उचलला. "सूट सोडतो जी. सही कुठं करू?"

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत आहे. कदाचित त्या रविवारीच कळलं असेल. चोरीची वायर कुठून निघते हे आयुष्यभर शोधत आलेला माणूस. आणि कळूनही, जो कर त्यांना लागू होत नव्हता तो भरायला ते निघाले होते, माझं नाव ताईपर्यंत जाऊ नये म्हणून. बंधन नसलेला कर भरणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आणि मला काय वाटलं? मला हायसं वाटलं. सुटलो असं वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट मी पवनच्या दुकानात केली नाही. ती ही, त्या खुर्चीत बसून सोडलेला तो सुस्कारा.

"काहून सोडता?" ताई भडकली. "पोरीचं सारं आपुन करतो. आंग धुनं, औषध, मालिश. अन् सही करून सांगाचं का आमचा दावा खोटा? कोन हाये तो दुसरा, त्याले इथं आना."

"जाऊ दे, रत्नमाला. पैशाचंच तं हाये."

"बाबा, सही नका करू," धम्मदीपा म्हणाली. तिचे शब्द आधीच सावकाश येतात, त्या वेळी आणखी सावकाश आले. "तुमी सोडली तं... कागदावर मी त्याचीच राहीन. तुमची नाई." मग तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "मामा, तुमी सांगा नं बाबाले."

तिनं ते कार्ड एकाच माणसाला पाठवलं होतं. तिला माहीत असणारच. पण तिनं माझं नाव घेतलं नाही. ती थांबली. बोलायला मी किती वेळ लावतो हे बघत, मी जसा तिच्या शब्दांसाठी नेहमी थांबतो तशी ती थांबली. बावीस वर्षं बोलून पोट भरणाऱ्या माणसाला त्या दिवशी पाच शब्द निघेनात.

"ताई," मी म्हणालो, "दुसरं नाव माहं हाये."

मी सगळं सांगितलं. पवन, फोटो, नातं. राखी मॅडमनी नजर कागदावर ठेवली. ताई मला मारेल असं मला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "तिले तू पोरगी म्हनला?"

"हो."

"मंग निताच्या लग्नात काहून नाई म्हनला?"

इथं मला थांबून सांगावं लागेल, कारण हे मी आतापर्यंत तुमच्यापासूनही लपवलं. निता माझी मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. मांडवात वराकडच्या एका पाहुण्यांनी खुर्चीतल्या धम्मदीपाकडे बघून विचारलं, ही कोण? घराण्यात असं आहे म्हटलं तर सोयरीक बिघडेल अशी भीती वाटली. मी म्हणालो, गावची आहे एक, शेजाऱ्याची. ताई तेव्हा चार पावलांवर ताटं लावत होती. तिनं ऐकलं नाही अशी मी माझी समजूत करून घेतली होती. तिनं ऐकलं होतं. त्यानंतर तिनं दोन रक्षाबंधनांना माझ्या हाताला राखी बांधली आणि एक शब्द काढला नव्हता.

"लोकाईपुढं गावची," ताई म्हणाली, "अन् सूट पाह्यजे तवा पोरगी." आणि ती रडली नाही. रडली असती तर मला काही बोलता आलं असतं.

राखी मॅडमनी मला विवरणपत्र दुरुस्त करून कर आणि वरचं सगळं कसं भरायचं ते सांगितलं. आपण होऊन भरलं तर निभावेल म्हणाल्या. पुढं मी ते भरलं, शाळेतही सांगितलं, आणि आता नागरिकांची कर्तव्ये शिकवताना माझी नजर मागच्या बाकापर्यंत जात नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी मॅडमनी प्रतिज्ञापत्र छापून काढलं. मराठीत, चारच ओळी. धम्मदीपा ही माझी मुलगी असून तिचा सर्व सांभाळ मी व माझी पत्नी करतो, आणि दुसऱ्या कोणाचा याबाबतचा दावा खरा नाही.

भाऊजींनी ते एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं. धम्मदीपाला वाचायला दिलं. तिनं मान हलवली तेव्हा सही केली. सावकाश, ठळक, पूर्ण नाव.

"ओळखणाऱ्या एका साक्षीदाराची सही लागेल," मॅडम म्हणाल्या. "नातेवाईक असला तरी चालेल."

ताईनं खिडकीकडे तोंड केलं. भाऊजींनी कागद उचलला, टेबलावरून माझ्यापुढं सरकवला आणि वर पेन ठेवला.

"करा, मास्तर," ते म्हणाले. "वाचून करा."